पटकथालेखनाचे स्वप्न : लेखणीइतकीच सहीही मोलाची

एकांकिका स्पर्धांचा हंगाम संपला, की राज्यातील महाविद्यालयांमधून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. लेखनाचे पारितोषिक मिळाले, वर्तमानपत्रात नाव छापून आले. आता पुढे काय? घरची मंडळी म्हणतात, आधी नोकरीचे बघ. मित्र म्हणतात, मुंबई गाठ. डोक्यात मात्र एक चित्रपट घोळत असतो आणि तो काही केल्या स्वस्थ बसू देत नाही.

मनोरंजन क्षेत्रात सर्वांत कमी भांडवलावर सुरू करता येते ते लेखनाचे काम. त्याला कॅमेरा लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. वही-पेन किंवा साधा संगणक पुरतो. मात्र, या क्षेत्रात सर्वांत सहज हातातून निसटणारी गोष्टही लेखनच आहे. त्यामुळे या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने प्रतिभेची जोपासना करतानाच व्यवसायाचे व्यवहारही समजून घेणे अगत्याचे ठरते. होतकरू लेखकांसाठी ही प्राथमिक माहिती.

कामाचे स्वरूप

‘चित्रपट लिहिणे’ असे आपण सरसकट म्हणतो; परंतु त्यात कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी कामे असतात. गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हे त्याचे उत्तम उदाहरण. या हिंदी चित्रपटाची मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, पटकथा विजय तेंडुलकर यांची, तर संवाद वसंत देव यांचे. एकाच चित्रपटामागे तीन लेखक आणि तिघांची श्रेये स्वतंत्र. आपण यातले नेमके कोणते काम करणार आहोत, हे लेखकाला पहिल्या बैठकीतच ठाऊक असले पाहिजे.

कामाचे टप्पेही ठरलेले असतात. प्रथम चार-पाच ओळींत कथेचे सार, मग काही पानांचा सारांश, त्यानंतर प्रसंगांची क्रमवार यादी म्हणजे ‘वनलाइन’, पुढे पटकथेचा पहिला खर्डा आणि शेवटी संवादांसह अंतिम संहिता. प्रचलित मांडणीत लिहिलेल्या पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरला जातो.

दूरचित्रवाणी मालिकांचे गणित निराळे आहे. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) आणि त्यापाठोपाठ २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी) सुरू झाल्यानंतर मराठीत लेखकांना नियमित काम मिळू लागले. आठवड्याला सहा भाग धरले तर दैनंदिन मालिकेचे वर्षाला तीनशेहून अधिक भाग होतात. कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात. चित्रीकरण थांबू नये म्हणून भागांची ‘बँक’ सतत भरती ठेवावी लागते. आज लिहिलेला प्रसंग दोन-चार दिवसांत चित्रित होतो आणि प्रेक्षकांचा कौल पाहून कथानकाला रातोरात कलाटणीही द्यावी लागते. येथे प्रतिभेइतकीच शिस्तीची आणि चिवटपणाची कसोटी लागते.

शिक्षण कोठे मिळते?

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही या क्षेत्रातील अग्रगण्य शासकीय संस्था. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत ती सुरू झाली. तेथे पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश दिला जातो. पूर्णवेळ शिक्षण शक्य नसणाऱ्यांसाठी संस्था लघुमुदतीचे अभ्यासक्रमही घेते. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन आणि पटकथालेखन यांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. रंगभूमीच्या अंगाने शिकायचे असेल, तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स हे पर्याय जवळचे आहेत.

अर्थात, पदविकेविना या क्षेत्रात शिरकाव होत नाही, असे मुळीच नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने आणि शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेने लेखकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे ‘पिस्तुल्या’ या लघुपटातून पुढे आले आणि ‘फँड्री’, ‘सैराट’पर्यंत (२०१६) पोहोचले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला. गावाकडची बोली किंवा परिचयाचे जग ही उणीव नसून भांडवल आहे, हे अशा उदाहरणांवरून ध्यानात यावे.

कल्पनेला कायद्याचे संरक्षण नाही

नवोदितांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच असतो. ‘माझी कल्पना चोरली’ ही तक्रार नेहमी कानी पडते. पण कायद्याच्या दृष्टीने कल्पनेचा कोणी मालक नसतो.

याविषयीचा महत्त्वाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला. दिल्लीचे नाटककार आर. जी. आनंद यांनी प्रांतभेदाच्या विषयावर ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक लिहिले. ते १९५४ मध्ये रंगमंचावर आले. पुढे त्यांनी ते एका चित्रपट दिग्दर्शकाला वाचूनही दाखवले. त्याच दिग्दर्शकाचा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. तो आपल्या नाटकावरून घेतला आहे, असे आनंद यांचे म्हणणे होते. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या वादाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर स्वामित्वहक्क असू शकत नाही. संरक्षण मिळते ते त्यांच्या मांडणीला आणि अभिव्यक्तीला, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विषय एक असला तरी दोन्ही कृतींची मांडणी पुरेशी भिन्न असल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

लेखकाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. तोंडी सांगितलेली गोष्ट वाऱ्यावर जाते, लिहिलेली टिकते. कल्पना जितकी तपशिलात कागदावर उतरेल, तितके तिचे संरक्षण भक्कम. तेव्हा निर्मात्याला गोष्ट ऐकवायला जाण्यापूर्वी निदान पात्रे, प्रसंगांचा क्रम आणि शेवट यांसह सविस्तर सारांश तयार असावा.

नोंदणी कशासाठी?

मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन (पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन) ही पटकथाकार आणि गीतकारांची संघटना. सभासदांना आपले लेखन तेथे ऑनलाइन नोंदवता येते. अशा नोंदणीमुळे स्वामित्वहक्क ‘मिळतो’, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ लेखनाचा हक्क ते लिहिले जाताच निर्माण होतो. नोंदणी हा अमुक दिवशी हे लेखन अस्तित्वात होते, याचा पुरावा होय. शासनाच्या कॉपीराइट कार्यालयात केलेली नोंदणीही सक्तीची नाही; मात्र वाद उद्भवल्यास तिचा उपयोग होतो. सभासदांच्या तक्रारींसाठी संघटनेची वाद निवारण समिती असते.

नोंदणीखेरीज आणखी एक सवय लावून घ्यावी. संहिता हातात देण्याऐवजी ई-मेलने पाठवावी. बैठक झाली, की त्याच दिवशी ‘आज आपली अमुक कथेविषयी चर्चा झाली’ असा दोन ओळींचा मेल धाडावा. तो साधा वाटला, तरी पुढे वेळ आलीच तर तोच कामी येतो.

सही करण्यापूर्वी

पहिले काम मिळाल्याच्या आनंदात करार न वाचता सही करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुढील मुद्दे तपासल्याशिवाय सही करू नये.

• श्रेय : पडद्यावर, जाहिरातीत आणि पोस्टरवर नाव कोणत्या स्वरूपात येणार, हे करारात लिहिलेले असावे. १९७३ साली ‘जंजीर’च्या पोस्टरांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईतील पोस्टरांवर आपली नावे उमटवून घेतली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. प्रत्येकाला ते साधेल असे नाही. म्हणून श्रेयाचे कलम हवेच.

• मानधनाचे टप्पे : करारावर सही होताना किती, सारांशाला किती, पहिल्या खर्ड्याला किती, याची स्पष्ट विभागणी असावी. सगळी रक्कम ‘चित्रीकरण सुरू झाल्यावर’ असे असेल आणि चित्रपट उभाच राहिला नाही, तर लेखकाच्या हाती काही येत नाही.

• खर्ड्यांची संख्या : किती फेरलेखने मूळ मानधनात धरली आहेत, हे ठरलेले असावे.

• मुदत व क्षेत्र : हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर कायद्याने ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. तसेच करारात वेगळी तरतूद नसल्यास, घेतलेले हक्क एका वर्षात न वापरल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द करारात दिसले, तर या तिन्ही संरक्षणांचे काय झाले ते पाहावे.

• काम सोडल्यास : लेखक मध्येच बदलला, तर झालेल्या कामाचे पैसे व श्रेय यांचे काय, याचे कलम असावे.

• कृत्रिम बुद्धिमत्ता : संहिता यंत्राला ‘शिकवण्यासाठी’ वापरता येईल का, हा प्रश्न आता करारात उपस्थित करायला हवा. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. त्यानंतरच्या करारात यंत्रनिर्मित मजकुराला लेखनाचा दर्जा नाकारला गेला आणि अशी साधने वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, हेही मान्य झाले.

रॉयल्टीचा हक्क

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेली दुरुस्ती लेखकांच्या दृष्टीने ऐतिहासिक म्हणावी लागेल. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीचा वा संगीतकृतीचा वापर चित्रपटगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त अन्य प्रकारे झाला, तर मिळणाऱ्या रॉयल्टीत लेखकाला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क निर्मात्याला सोडून देण्याची मुभा कायदा लेखकाला देत नाही. म्हणजेच ‘रॉयल्टी सोडली’ असे लिहून घेतले, तरी ते कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही.

गीतकार व संगीतकारांच्या रॉयल्टीचे संकलन इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. पटकथालेखकांच्या बाबतीत प्रत्यक्ष वसुली अद्याप तितकी रुळलेली नाही, हे वास्तवही नमूद केले पाहिजे. हक्क कायद्यात आहे. पण ज्याच्यापाशी करार आणि श्रेय यांचा पुरावा असेल, त्यालाच तो मागता येईल.

फसवणुकीपासून सावध

काम देणारा पैसे देतो, मागत नाही. हा या व्यवसायातला साधा नियम. ‘नोंदणी शुल्क’, ‘समन्वय शुल्क’ वा ‘निर्मितीत भागीदारी’ या नावाखाली लेखकाकडे रक्कम मागितली गेली, तर तेथून उठून यावे. ‘पहिला चित्रपट आहे, पैशांचे नंतर पाहू’ हे वाक्यही असेच फसवे. स्नेह्यांच्या लघुपटासाठी विनामूल्य लिहायला हरकत नाही. परंतु त्यातही श्रेय व हक्क यांविषयीचे दोन ओळींचे पत्र असावे.

पोटापाण्याचे काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनेच्या भरात उत्तर देऊ नये. या व्यवसायात पहिली काही वर्षे उत्पन्न अनियमित असते. हाती आलेल्या मानधनातूनही टीडीएस कापलेला असतो. मुंबईत घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. विजय तेंडुलकरांसारख्या नाटककारानेही उमेदीची वर्षे वृत्तपत्रांतील नोकरीत काढली. नोकरी करीत पहाटे वा रात्री लिहिणे म्हणजे स्वप्नाशी प्रतारणा नव्हे. उलट, ज्याच्या घरात महिन्याचे रेशन भरलेले असते, तो वाईट करार नाकारू शकतो. नाकारण्याची ही ताकद नवोदिताला प्रतिभेइतकीच उपयोगी पडते.

त्यामुळे मुंबईचे तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी सोबत असाव्यात. पूर्ण लिहिलेली निदान एक संहिता, तिच्या नोंदणीची पावती आणि सहा महिने पुरेल इतकी पुंजी. चौथी गोष्ट कुणाकडून शिकता येत नाही. ती म्हणजे, समोर करार आला असता ‘वाचून उद्या सांगतो’ असे म्हणण्याचे धैर्य. योग्य माणूस उद्यापर्यंत थांबतो. जो थांबत नाही, त्याच्यासाठी न लिहिलेलेच बरे.