हरभऱ्याची आंब

थंडीत पहाटे हरभऱ्यावर धोतराचं फडकं पसरायचं, दवानं भिजलं की पिळून बाटलीत भरायचं. ही आंब. पोट दुखलं की आपल्या आज्या ती थेंब-थेंब पाण्यातून द्यायच्या. सोंगणीला तीच आंब हाताला लागते आणि बोटं चरचरतात. आज बोलायचंय ते या हरभऱ्याच्या मागच्या दिवसांबद्दल.

आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडं पाऊस बेताचाच. त्यामुळं रब्बीत ज्वारी, करडई आणि हरभरा. काळ्या रानाच्या ओलीवर येईल ते आपलं. 1926 साली भंडारदरा धरण पुरं झालं, 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाण्याखालचं रान उसाला गेलं आणि हरभरा कोरड्या रानात राहिला. त्याकडं लक्षही तेवढंच. बी मात्र बायकांच्या ताब्यात होतं. राख अन् कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायचं, पेरणीला काढायचं.

तेव्हा चाफा हे वाण सगळीकडं. दाणा गोड, पण मर लागली की उभं झाड वाळायचं. लोक म्हणायचे, दृष्ट लागली. खरं तर ती मातीतली बुरशी. 1968 साली राहुरीला कृषी विद्यापीठ आलं. तिथल्या कडधान्य सुधार प्रकल्पानं मरीला दाद न देणारी वाणं शोधली. 1990च्या दशकात विजय आलं, 2006 साली दिग्विजय. नुसतं वाण बदलल्यानं मरीची निम्मी धास्ती गेली, असं आम्हाला वाटतं.

बाकीचं काम स्वस्तातलं आहे. एकरी विजयचं बी 26 ते 28 किलो, दिग्विजयचा दाणा मोठा म्हणून 40 किलो. पेरणीआधी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायचा, मग 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या थंड पाण्यातून. सावलीत वाळवून लगेच पेरायचं. कोरडवाहू पेरा दसऱ्याच्या आसपास, ओल असेतोवर. बागायती ऑक्टोबरच्या अखेरीपासून 10 नोव्हेंबरपर्यंत. पाणी जपून: भारी जमिनीत महिन्याभरानं एक, घाटे भरताना दुसरं. जास्त दिलं तर नुसता पाला माजतो.

आणि गंमत बघा. भाजीसाठी आपण शेंडे खुडत आलो, त्यानं फांद्या फुटतात. आता शास्त्रज्ञही फुलाआधी खुडा म्हणतात. हरभऱ्यात ज्वारीचे दाणे टाकायची चालही जुनीच. त्या ताटांवर पाखरं बसतात आणि घाटेअळी टिपतात. फक्त त्यावर भागत नाही, एकरी दोन कामगंध सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क हवाच.

एक सल मात्र आहे. 2016 साली फुले विक्रम हे उंच वाण आलं, यंत्रानं काढता येणारं. आंबेनं सोललेले हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना यात सुखच दिसेल. पण सोंगणीची मजुरी ही कितीतरी बायकांची स्वतःच्या हातात येणारी वर्षाची एकमेव रोकड. यंत्र आलं की ती जाते, आणि वाचलेला पैसा ज्याचं शेत त्याच्या खिशात राहतो. गटाच्या बैठकीत यावरून आमचं भांडण झालं. निकाल लागला नाही.

विक्रीचंही तसंच. 2024-25च्या रब्बीतल्या हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये होता. सरकारी खरेदीला नोंदणी करताना सातबारा आणि त्यावरची पिकाची नोंद मागतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं नाव त्या कागदावर नाही. म्हणून या वर्षी गटानं आधी दोन कामं धरली आहेत. एक, आपल्याच रानातलं निरोगी झाडांचं बी वेगळं राखायचं. हरभरा आपल्याच परागावर दाणा धरतो, त्यामुळं घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. दुसरं, पेरणी झाली की मोबाईलवरून ई-पीक पाहणी. ती करायला दोघी-तिघी शिकल्यात, पुढच्या शुक्रवारी बाकीच्यांना शिकवणार आहेत. येताना सातबारा घेऊन या.