जुन्या गोव्यातील बॉम जेझस महामंदिर : जांभा आणि काळा पाषाण

संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष जतन करणाऱ्या या महामंदिराचे बांधकाम येशूसंघीयांनी इ. स. १५९४ मध्ये सुरू केले. १६०५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून दर्शनी भागातील नक्षीसाठी वसईहून काळा पाषाण आणण्यात आला. आपली सीताबर्डीची टेकडी याच जातीच्या दगडाची! शिरोभागी येशूनामाची आद्याक्षरे त्यातच कोरलेली आहेत. आतील लाकडी व्यासपीठावर चार शुभवर्तमानकार दिसतात. संतांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सचे शिल्पकार फोज्जिनी यांचा.

पूर्वी जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो खरवडून काढण्यात आला. म्हणजे यात्रेकरूंना प्राचीन वाटणारे तांबडे रूप अवघ्या सत्तर वर्षांचे आहे. सच्छिद्र जांभा दर पावसाळ्यात पाणी शोषतो व झिजतो; नक्षी शाबूत राहते, तिला धरणारी भिंत मात्र झडते. २०२० मध्ये महामंदिराच्या रेक्टरांनी गिलावा पुन्हा चढवण्याची मागणी जाहीरपणे मांडली. ती रास्तच होती. परंतु छायाचित्रांतून तांबड्या भिंतींची सवय झालेल्यांना पांढरे महामंदिर परके वाटते.