मोडशी आणि मोर्देशी : जुन्या गोव्यांतील फिरंगी परदेशस्थांचें औषधपाणी

पोट बिघडून ओकारी व जुलाब एकदम सुरू झाले, हातपाय गळाले, म्हणजे "मोडशी झाली" असें म्हणण्याचा प्रघात कोंकणांत व गोमंतकांत जुना आहे. शब्द घरगुती आहे. परंतु हाच शब्द १६व्या व १७व्या शतकांतील पोर्तुगीज, डच व फ्रेंच ग्रंथांत शिरला. त्याची स्वारी "मोर्शी", "मोर्देशी", "मोर्देशीं" अशा वेषांनीं फिरतां फिरतां शेवटीं फ्रेंच भाषेंत "मॉर-द-शियें", म्हणजे "कुत्र्याचें मरण", या भयंकर रूपास पोंचली. फ्रेंच शब्दाचा अर्थ पाहून तोच मूळ, असा समज कित्येकांनीं करून घेतला होता. तो चुकीचा आहे, हें यूल व बर्नेल यांनीं १८८६ च्या आपल्या कोशांत दाखविलें असून "मोडणें" या क्रियापदाकडे बोट केलें आहे. अंग मोडतें, माणूस मोडून पडतो, ती मोडशी. व्युत्पत्ति इतकी सरळ आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतु मात्र व्युत्पत्तीपुरता नाहीं. परक्या भाषेंतील रोगाचें नांव मनुष्य सहसा उचलीत नाहीं. रोग नवा असेल, आणि त्याची चिकित्सा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच तोंडून तें नांव ऐकावें लागत असेल, तेव्हांच तें उचललें जातें. गोव्यास येऊन राहिलेल्या फिरंग्यांनीं आजारीपणांत कोणाचा आश्रय केला, याची साक्ष हा एक शब्दच देतो. ती साक्ष लेखी प्रमाणांशीं कितपत जुळते तें पाहूं.

१५४३ सालीं गोव्यांत मोठी सांथ आली. गास्पार कोर्रेइया हा त्या काळचा बखरकार. त्यानें या सांथीचें नांव "मोरिशी" असें दिलें असून दररोज बारा, पंधरा, वीस माणसें दगावत होतीं असें लिहिलें आहे. मृतांसाठीं देवळांतील घंटा एकसारख्या वाजूं लागल्या व लोक घाबरले, तेव्हां त्या वाजवूं नयेत अशी आज्ञा गव्हर्नर मार्तीं आफोंसो द सोझा यानें केली. रोगाचें कारण समजावें म्हणून त्यानें एका मृताचें प्रेतही फाडवून पाहविलें. परंतु आंत पोट आकसलेलें दिसलें यापलीकडे हातीं कांहीं लागलें नाहीं. राजाचा अधिकारी, राजाचे वैद्य, राजाचें रुग्णालय, सर्व असून निदानास नांव मिळालें तें मात्र बाजारांतलें.

याच गव्हर्नराबरोबर, तो गव्हर्नर होण्यापूर्वीं, १५३४ च्या मार्चांत एक वैद्य लिस्बनहून निघून सप्टेंबरांत गोव्यास उतरला होता. त्याचें नांव गार्सिया द ओर्ता. सालामांका व आल्काला येथें त्याचें शिक्षण झालें होतें व लिस्बन येथें तो अध्यापक होता. गोव्यांत त्यानें जवळजवळ चौतीस वर्षें काढलीं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं तो चिकित्सेसाठीं जात असे. रोगांचीं व औषधींचीं अरबी नांवें आपण शहाकडून शिकलों व लॅटिन नांवें त्यास शिकविलीं, असें तो स्वतः सांगतो. मुंबईचें बेट त्याजकडे खंडानें होतें. म्हणजे गोवा, नगर आणि मुंबई, या तिन्ही ठिकाणच्या इतिहासाशीं त्याचा संबंध येतो.

त्याचा ग्रंथ "हिंदुस्थानांतील साध्या औषधी व द्रव्यें यांविषयीं संवाद" गोव्यांत जुआंव द एंदें याच्या छापखान्यांत १० एप्रिल १५६३ रोजीं पुरा झाला. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदीं पहिल्या ग्रंथांपैकीं हा होय. रचना संवादाची आहे. रुआनो नांवाचा कल्पित मित्र युरोपांतून नुकताच आलेला. तो विचारतो, ओर्ता सांगतो. नव्या माणसास या देशांत काय खावें, कशापासून जपावें, बाजारांत मिळणारें कोणतें द्रव्य खरें व कोणतें खोटें, हें सर्व त्यांत येतें. परदेशीं राहणाऱ्यास उपयोगी पडावें अशा आरोग्यविषयक ग्रंथांत याची गणना प्रथम करावी लागेल.

सतरावा संवाद कोष्ठ या द्रव्याविषयीं आहे. बोलणें चाललें असतां एक नोकर धांवत येतो: दों जेरोनिमोच्या भावास मोडशी झाली आहे, दोन तास झाले, लवकर चला. ओर्ता उठतो व रुआनोस बरोबर घेऊन जातो. परत आल्यावर तो जें सांगतो तें महत्त्वाचें आहे. आमच्यांत यास "कोलेरिका पास्सियो" म्हणतात; येथील लोक "मोर्शी" म्हणतात; त्याचा अपभ्रंश करून आम्ही "मोर्देशी" म्हणतों. अपभ्रंश आपल्या लोकांचा, मूळ शब्द या भूमीचा, ही कबुली त्यानें स्पष्ट दिली आहे. जून व जुलै हे महिने यास वाईट, अतिभोजन करणारांस तो विशेष गांठतो, बहुतेक रोगी एका दिवसांत जातात, आणि दहा तासही न टिकलेला मनुष्य आपण पाहिला आहे, असें तो नोंदतो.

येथील लोकांची चिकित्साही त्यानें दिली आहे. मिरीं व जिरें घातलेली तांदळाची कांजी पाजणें. तळपायांस डाग देणें. रोग्यांत किती जीव उरला आहे हें पाहण्यासाठीं डोळ्यांत पिंपळी टाकणें. गोळे येतात म्हणून हातपाय पट्ट्यांनीं घट्ट बांधणें. व विडा चघळावयास देणें. हे उपाय तो तुच्छतेनें सांगत नाहीं. पायांस डाग देण्याचा उपाय तर त्यानें त्या सरदाराच्या भावावर स्वतः केला होता. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं आलेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्यानें १६८५ सालीं आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला पूर्वेकडील देशांच्या रोगांवरील स्वतंत्र निबंध जोडलेला आहे. त्यांतही "मोर्देशी" आहे, आणि टांचेस तापलेल्या लोखंडाचा डाग द्यावा हा उपायही आहे.

या चिकित्सेंत आजच्या ज्ञानास काय पटतें? डाग देण्यानें हा रोग हटत नाहीं. डोळ्यांतील पिंपळी केवळ छळ होय. कांजीची गोष्ट निराळी. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख यानें १८८४ सालीं कलकत्त्याच्या रोग्यांत निश्चित केला; रोगी मरतो तो शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें, हेंही ठरलें. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी तोंडानें पाजून असंख्य रोगी वांचविले. पुढें साखरेच्या जागीं तांदळाचें पीठ वापरूनही तसेंच द्रावण सिद्ध करण्यांत आलें. जुनी कांजी व हें मोजून केलेलें द्रावण एक नव्हेत, आणि तसा अभिमान मिरविणें इतिहासास शोभणार नाहीं. परंतु गेलेलें पाणी तांदळाच्या पेजेनें तोंडावाटे भरून काढावें ही दिशा बरोबर होती. रक्तमोक्ष व रेचक यांवर भिस्त ठेवणाऱ्या त्या काळच्या युरोपीय वैद्यकाची दिशा याच्या उलट होती. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मोडशी हा शब्द साध्या अजीर्णासही लावतात. म्हणून जुन्या कागदांत तो आढळला कीं पटकीच समजावी असें नाहीं. सांथ, थोड्या तासांत मृत्यु आणि हातापायांचे गोळे हीं तिन्हीं लक्षणें एकत्र असलीं म्हणजेच तो अर्थ घ्यावा.

बेलफळाचेंही असेंच आहे. "बंगालचीं मार्मेलो" या नांवाखालीं ओर्तानें त्याचें वर्णन केलें असून "सिरिफोले" व "बेली" अशीं दोन नांवें दिलीं आहेत. श्रीफळ व बेल हे शब्द त्यांत ओळखण्यास कोश नको. त्याचा मुरंबा व लोणचें अतिसारावर चालतें, हें नव्या आलेल्या फिरंग्यास तेथेंच कळे.

देवघेव एकतर्फी नव्हती. ज्या रोगास ओर्ताच्या काळीं पूर्वेकडे "फिरंगी" असेंच म्हणत, तो उपदंश पोर्तुगीजांच्या पावलीं आला. भावमिश्राच्या १६व्या शतकांतील "भावप्रकाशां"त "फिरंगरोग" हें नांव व त्यावर चोपचीनी हें औषध दिसतें. चोपचीनीचें मूळ गोव्यांत १५३५ सालीं माहीत झालें असें ओर्ता सांगतो. आमचा "मोडशी" शब्द त्यांच्या ग्रंथांत गेला. त्यांचें "फिरंग" नांव आमच्या संस्कृत निघंटूंत बसलें. एकाच अर्धशतकांत झालेले हे दोन बदल शेजारीं ठेवून पाहण्याजोगे आहेत.

आतां सरकारी कागद पाहूं. १५६७ सालीं गोव्यांत भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ती रोग्यांनीं हिंदु वैद्यांस बोलावूं नये असें ठरविलें. १५७४ सालीं गव्हर्नर आंतोनियो मोनीश बार्रेतो यानें जाहीरनामा काढला: पंडित व हिंदु वैद्य यांनीं शहरांत वा उपनगरांत घोड्यावर, अंदोरींत किंवा पालखींत बसून फिरूं नये; पहिल्या अपराधास १० क्रुझादो दंड, दुसऱ्यास २०, शिवाय घोडा वा पालखी जप्त; तिसऱ्या अपराधास राजाच्या गलबतावर वल्हीं मारण्याची शिक्षा. हा कागद वरवर वैद्यांविरुद्ध आहे. पण उलट बाजूनें वाचला असतां हे वैद्य पालखींत व घोड्यावर फिरत होते, म्हणजे त्यांस मागणी किती होती, हेंच त्यांतून सिद्ध होतें.

आणि मनाईचा परिणाम? यान ह्युइगेन व्हान लिन्स्खोतेन हा डच १५८३ मध्यें गोव्यास आला. या वैद्यांवर डोक्यावरून छत्री धरली जाते, जो मान इतर हिंदूंत वकील व मोठे सावकार यांसच मिळतो. व खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप व मठांतील साधू आपल्या देशबांधवांपेक्षां यांजवरच अधिक विश्वास ठेवतात, असें तो लिहितो. राजाच्या रुग्णालयांत दरसाल निदान ५०० माणसें जिवंत शिरून मेल्यावरच बाहेर पडतात, हेंही त्याचेंच म्हणणें. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ सालीं त्याच रुग्णालयांत रोगी होता. त्यानें मात्र तेथील व्यवस्थेची मोठी तारीफ केली आहे. दोन्ही खरें असूं शकतें: भांडीं उत्तम, मरण तरीही पुष्कळ. १६१८ सालीं गोव्याच्या नगरसभेनें परीक्षा दिल्याखेरीज कोणी चिकित्सा करूं नये व हिंदु वैद्यांची संख्या तीसांवर जाऊं नये असें ठरविलें. ज्यांस बोलावूंच नये म्हणून पन्नास वर्षांपूर्वीं ठराव झाला, त्यांचीच संख्या आतां मोजून मान्य करावी लागली.

ओर्तानें यांविषयीं समतोल मत दिलें आहे. त्यांस शरीररचना ठाऊक नाहीं असा दोष तो काढतो. पण अतिसार ते उत्तम बरा करतात, नाडीवरून ज्वर ओळखतात हें मान्य करतो. आपल्या लोकांचीं औषधें आपण आधीं देतों, तीं पुरीं पडत नाहींत तेव्हां येथील ब्राह्मणांचीं घेतों, हा स्वतःचा क्रमही तो लपवीत नाहीं. त्याच्या ग्रंथांत असा एक हिंदु वैद्य प्रत्यक्ष बोलतांना येतो. निशोत्तराच्या संवादांत त्याचें नांव "मालुपा" असें पडलें आहे. मूळ मल्लाप्पा असावें असा आमचा तर्क आहे. ज्यांच्या हातीं व्हाइसरॉयनें नाडी दिली त्यांपैकीं ओर्ताच्या ग्रंथांत नांवानें बोलतो तो एवढाच.

आणि त्याचा आवाजही फार दिवस टिकला नाहीं. ग्रंथ निघून चार वर्षें होतात न होतात तोंच, १५६७ सालीं, क्लुसिउस यानें अँटवर्प येथें त्याचा लॅटिन संक्षेप छापला. तो सर्व युरोपभर गेला. पण त्यानें संवादाचें रूप टाकून दिलें. द्रव्यें, त्यांचे गुण व वर्णन तेवढें ठेवलें. रुआनोचे प्रश्न गेले, धांवत आलेला नोकर गेला, मालुपा गेला. औषध राहिलें, वैद्य नाहींसा झाला.

खुद्द ग्रंथकाराची गतीही याहून बरी झाली नाहीं. ओर्ता ज्यू कुळांतील नवख्रिस्ती होता. १५६८ सालीं तो गोव्यांतच वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशननें जिवंत जाळलें. आणि १५८० सालीं त्याचींही हाडें उकरून काढून जाळण्यांत आलीं. परदेशस्थांच्या प्रकृतीची काळजी वाहण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास त्या भूमींत पुरलेल्या जागीं पडून राहणेंही लाभलें नाहीं.

या प्रकरणाचें फिरंगी दप्तर आज अभ्यासकांस उपलब्ध आहे. कोर्रेइयाची बखर छापली आहे. ओर्ताचा ग्रंथ काउंट फिकाल्यु यानें १८९१ ते १८९५ या काळांत टीपांसह संपादिला. मार्कहॅमचें इंग्रजी भाषांतर १९१३ मध्यें निघालें. दुसरी बाजू, म्हणजे त्या वैद्यांचे स्वतःचे कागद, अजून उजेडांत यावयाची आहे. म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति अशी कीं, वैद्यघराण्यांतील बाडें "वैद्यकाचे किरकोळ नुसखे" म्हणून बाजूस टाकूं नयेत. फिरंगरोग, चोपचीनी हे शब्द. मोडशीवरील कांजीचे पाठ. फिरंगी रोग्यांचीं नांवें, दिलेलीं औषधें व मिळालेली दक्षिणा यांच्या नोंदी, यांपैकीं कांहींही दिसल्यास तें पान कोणत्या घराण्यांतील, कोणत्या गांवचें, कागद व अक्षर कशा वळणाचें, यांसह नकलून ठेवावें. मोडी टिपणांत औषधाच्या मापाशेजारीं एखादें परकें नांव आडवेंतिडवें लिहिलेलें आढळेल. तेंच विशेष जपावें. मालुपाच्या जोडीदारांपैकीं एकाचें जरी नांव त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत सांपडलें, तरी ओर्ताच्या संवादांतील दुसरा पक्ष चारशें वर्षांनंतर प्रथमच बोलूं लागेल.