हळदीचा छापील पुरावा

हळदीविषयी काही लिहून ठेवावे असे आपल्या घरांतून सहसा कुणास वाटले नाही. बोट कापले की डब्यातील चिमूटभर हळद जखमेवर दाबून धरावयाची, हे ज्ञान आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आले ते कागदावाचूनच. जे घरोघरी आहे ते नोंदवावयाचे कशासाठी? या समजुतीची किंमत १९९५ साली कळून आली.

त्या वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याविषयीचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ साली या पेटंटास आव्हान दिले. परंतु अडचण वेगळीच होती. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यानुसार परदेशातील नुसती वहिवाट पुराव्यात धरली जात नसे. ती गोष्ट कोठेतरी छापलेली असावी लागे. म्हणजे कोट्यवधी आज्यांची साक्ष व्यर्थ, आणि एखाद्या जीर्ण ग्रंथातील दोन ओळी मोलाच्या!

परिषदेने बत्तीस संदर्भ शोधून काढले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटातील दावे अमान्य झाले. येथे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याचे कारण नाही. रद्द झाला तो एका वापरावरील हक्क. हळदीसंबंधीच्या साऱ्या पेटंटांचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही.

संस्कृत वैद्यकात हळदीला आधार भक्कम आहे. चरकसंहितेत लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या तिन्ही गणांत हरिद्रा येते. गोव्याच्या वाचकास मात्र आणखी एक ग्रंथ आठवावा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने येथील औषधी वनस्पतींवर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्यात हळदीची चर्चा आहे. पोर्तुगीज तिला ‘भूमीचे केशर’ म्हणत. या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप क्लुसियसने १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि गोव्याच्या बाजारातील माहिती युरोपभर गेली. ओर्ताचे कुळ मूळचे ज्यू. १५६८ साली तो वारला. १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र उरले.

आपल्या स्वयंपाकघरांतील कितीतरी गोष्टींना असा ओर्ता लाभला नाही. नागपंचमीच्या पातोळ्या हळदीच्या पानातच उकडावयाच्या, कारण त्या वाफेचा वास दुसऱ्या पानाला येत नाही. हळदीला चुन्यासारख्या क्षाराचा स्पर्श होताच ती लाल होते. कुंकू करणाऱ्यांच्या हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. तिच्यातील पिवळे द्रव्य युरोपात वेगळे काढले गेले ते १८१५ साली, आणि त्याची रचना निश्चित व्हावयास १९१० साल उजाडले. शेतकऱ्याचा अनुभवही असाच आहे. हळदीला फूल येते, पण लावावयाच्या उपयोगाचे बी धरत नाही; यंदाच्या पिकातील गड्डे राखून ठेवावे तेव्हा पुढच्या वर्षी शेत उभे राहते.

हळदीच्या वादानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ इत्यादी भाषांतील वैद्यकग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून परदेशांतील पेटंट तपासनीसांपुढे ठेवावयाचे, ही ती योजना. ग्रंथांतील मजकूर असा सुरक्षित झाला. घरगुती औषधांच्या ज्या हस्तलिखित मराठी वह्या अजून माळ्यावरच्या ट्रंकांत पडून आहेत, त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार कशी? सभासदांपैकी कुणाकडे अशी वही असल्यास तिची शाई पुसट होण्यापूर्वी तिची प्रत वाचनालयात यावयास हवी.