शालेय तंत्रज्ञान : नियोजन व शिक्षक-प्रशिक्षण (वर्धा जिल्हा)

शाळेत नवे साधन आणायचे तर आधी शिक्षक तयार करावा लागतो, हा विचार वर्ध्यात संगणकाच्या कितीतरी आधी रुजला. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने कताई-विणकाम, शेती, सुतारकाम अशा हस्तोद्योगांभोवती अभ्यासक्रम आखला आणि शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण व एक वर्षाचा अल्पमुदतीचा प्रशिक्षणक्रमही सुचवला. टकळी चालवण्याचे कौशल्य आणि त्या कामातून गणित शिकवण्याची हातोटी, दोन्ही शिक्षकाकडे हवीत, हे या योजनेचे खरे बळ होते. सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघात आर्यनायकम् दांपत्याने हे कार्य पुढे नेले.

आज जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील नियोजन समग्र शिक्षा (2018) योजनेच्या वार्षिक आराखड्यातून होते. शाळांनी यू-डायस या शालेय माहिती प्रणालीत भरलेली वीज, संगणक व इंटरनेटची माहिती त्याचा पाया असते. प्रशिक्षणाची जबाबदारी मुख्यतः जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आहे. दीक्षा (2017) हे ऑनलाइन व्यासपीठ व निष्ठा (2019) हा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम या राष्ट्रीय उपक्रमांची तिला जोड मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. मात्र प्रत्यक्ष वर्गातील सरावाची जागा ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊ शकत नाही. त्यासाठी केंद्रस्तरावरील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद अधिक उपयुक्त ठरते.