विकावी की राखावी? भोकर परिसरातील कुळाची जमीन आणि 1950 चा हैदराबाद कायदा

भोकर हा नांदेड जिल्ह्याच्या पूर्वभागातील तालुका. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. मालकी एकाची आणि नांगर दुसऱ्याचा, ही स्थिती तेथे नवलाची नव्हती. सरकारदप्तरी ज्याच्या नावे जमीन तो पट्टेदार; त्याच्याकडून ती कसावयास घेणारा तो शिकमी. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. दुसऱ्याच्या खात्याच्या पोटात राहणारा तो शिकमी होय. मराठीतील ‘पोटकूळ’ हा शब्दही याच कल्पनेवर उभा आहे. कसणाऱ्याचे दुय्यमत्व असे शब्दातच रुजलेले होते.

खंडाने वा बटईने दिलेली जमीन विकावी की राखावी, हा निर्णय पूर्वी पट्टेदाराच्या गरजेवर अवलंबून असे. त्यात कुळाचे मत कोणी विचारीत नसे. 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने या निर्णयाचे स्वरूपच पालटले. ठराविक काळात सलग सहा वर्षे जमीन कसणारा ‘संरक्षित कूळ’ ठरला. त्यास मनमानीने काढता येईना. खंडावर मर्यादा आली आणि जमीन विकत घेण्याचा हक्क कुळास मिळाला.

आता पट्टेदारापुढे तीन मार्ग उरले. जमीन खंडावर ठेवावी, तर उत्पन्न मर्यादित. विकावी, तर कुळास डावलता येत नसे, आणि त्याने द्यावयाची किंमत खंडाच्या पटीत बांधलेली. म्हणजे खंडाची मर्यादा राखणाऱ्यास जशी बाधे, तशीच विकणाऱ्यासही बाधे. स्वतः कसण्यासाठी परत मागावी, तर क्षेत्राची मर्यादा आडवी येई. शिवाय 1954 च्या दुरुस्तीने 38-ई हे कलम घातले गेले. त्यान्वये सरकारी अधिसूचनेने कुळाकडे मालकी जाऊ शकत होती. थांबणाऱ्या मालकाच्या हातून निर्णयच निसटण्याची ही चिन्हे होती.

या कोंडीतून चौथी वाट निघाली. कायद्यानुसार कुळास लेखी राजीनामा देऊन जमीन सोडता येत असे. मात्र तो सद्भावनेने दिल्याची तहसीलदाराने खात्री करावयाची होती. अर्थशास्त्रज्ञ अली मोहम्मद खुस्रो यांचा हैदराबादमधील जमीनसुधारणांवरील ग्रंथ 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पाहणीनुसार 1951 मध्ये संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी 1954-55 पर्यंत सुमारे 45 जणच त्या नात्याने टिकून होते. सुमारे 12 जणांनी जमीन विकत घेतली. जवळजवळ 3 कायदेशीररीत्या निघाले, 22 बेकायदा काढले गेले आणि सुमारे 18 जणांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली. हे आकडे एकट्या भोकरचे नव्हेत. तथापि ज्या कायद्याखाली भोकर होते, त्याच कायद्याचे ते फळ होय.

येथे ‘स्वखुशी’ या शब्दाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. बी-बियाणे, कर्ज आणि अडीनडीचे धान्य यांसाठी जो पट्टेदारावर अवलंबून, त्याची खुशी कितपत स्वतःची असणार? 1956 च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेनेही अशा राजीनाम्यांच्या खरेपणाविषयी शंका नोंदविली. दप्तरातील शब्द संमतीचा होता. व्यवहार पुष्कळदा दडपणाचा होता.

1956 च्या 1 नोव्हेंबरला नांदेड जिल्ह्याचा मराठी भाग मुंबई राज्यात आला आणि शेजारचा मुधोळ भाग आंध्र प्रदेशात गेला. भाषेने सीमा बदलली. कुळकायदा मात्र दोन्हीकडे हैदराबादचाच राहिला. पुढे मराठवाड्यात 38-ई कलमाची अंमलबजावणी होऊन अनेक कुळे मालक झाली. परंतु तत्पूर्वीच ज्यांचा राजीनामा लिहून घेतला गेला होता, त्यांचे नाव त्या यादीत येणे दुरापास्त होते. ‘विकावी की राखावी’ हा पट्टेदाराचा प्रश्न होता. त्याच्या उत्तराची किंमत अनेकदा कुळाने मोजली, असेच या इतिहासाचे अवलोकन करता म्हणावे लागते.