आघातोत्तर ताणविकृती : प्रवणता व व्यक्तिभेद

युद्ध, अपघात, बलात्कार, भूकंप अशा जीवघेण्या अनुभवानंतर काही व्यक्तींना जडणारा मनोविकार. प्रसंगाच्या नकोशा आठवणी, दुःस्वप्ने, टाळाटाळ, दचकणे, निद्रानाश ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास हे निदान करतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या विकाराला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले.

आघात सोसणाऱ्या बहुतेकांना हा विकार होत नाही. अमेरिकेतील १९९५ च्या राष्ट्रीय पाहणी-अहवालानुसार निम्म्याहून अधिक लोकांनी आघात अनुभवला होता. विकार मात्र सु. ८ टक्क्यांनाच झाला. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट होते. आघाताचे स्वरूपही निर्णायक ठरते : नैसर्गिक आपत्तीपेक्षा बलात्कारानंतर हा विकार कितीतरी अधिक आढळतो.

व्हिएतनाम युद्धकाळातील सैनिक जुळ्यांच्या अभ्यासात लक्षणांमधील सु. एक-तृतीयांश तफावत आनुवंशिक ठरली. २००२ मधील अभ्यासात तीव्र विकार असलेल्या सैनिकांच्या, युद्धावर न गेलेल्या एकरूप जुळ्या भावांच्याही मेंदूतील स्मृतीशी निगडित अश्वमीन हा भाग लहान आढळला. म्हणजे हा लहान आकार केवळ आघाताचा परिणाम नसून पूर्वप्रवणतेची खूण असू शकतो.

बालपणीचे अत्याचार, आधीचे मनोविकार आणि प्रसंगाच्या वेळी भान हरपणे यांमुळे धोका वाढतो. प्रसंगानंतर माणसांचा आधार न मिळणे आणि नव्या ताणांची भर पडणे यांचा प्रभाव पूर्वायुष्यातील बहुतेक घटकांपेक्षा अधिक असतो. त्यामुळे विकार होणे हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण मानले जात नाही.